चौथा रकाना

पुणे,
४ नोव्हेंबर १९९८

ती. सौ. सरोजआत्यास,
चैत्रालीचा सा. न. वि. वि.

दिवाळीचा डबा पोचला. कडबोळी बाबांनी पुस्तकांच्या कपाटात लपवली होती, आईने धूळ झटकताना शोधली. त्यावरून घरात दोन दिवस अबोला होता, आता मिटलाय.

खरं काम पुढे आहे. या वर्षीपासून आमच्या कॉलेजात बी.ए.ला मानसशास्त्र घेतलेल्यांना समुपदेशनाचं प्रमाणपत्र मिळणार आहे. समुपदेशन म्हणजे अडचणीतल्या माणसाचं नीट ऐकून घ्यायचं आणि त्याला वाट सापडेपर्यंत सोबत बसायचं. बाबांच्या मते हे काम ओट्यावर बसणाऱ्या बायका पिढ्यान्‌पिढ्या फुकट करत आल्यात. पण कॉलेजची अट आहे की मानसोपचाराच्या डॉक्टरांच्या हाताखाली प्रत्यक्ष काम करायचं आणि १५ मार्चच्या आत तीस जणांच्या नोंदी द्यायच्या. पुण्यातल्या सगळ्या जागा एम.ए.च्या मुलींनी आधीच धरल्यात. मी तीन ठिकाणी हिंडून आले. एका ठिकाणी तर मला पेशंट समजून तासभर बाकावर बसवून ठेवलं!

आमच्या मॅडमच्या ओळखीच्या डॉ. शुभदा कारखानीस मला हाताखाली घ्यायला तयार आहेत. त्यांचं आजोळ पोलादपूरचं. त्या म्हणतात, तुमच्या भागात या कामाचा डॉक्टर कोणी बसत नाही. खोली मिळाली तर दर दुसऱ्या नि चौथ्या शनिवारी स्वतःच्या गाडीने येईन, तुला आणीन आणि त्याच दिवशी परत नेईन. आत्या, महाडात अशी खोली मिळेल का? प्रमाणपत्र मिळालं तरच बाबा एम.ए.ला पाठवणार आहेत, नाहीतर बँकेची परीक्षा. माझं सगळं आता या खोलीवर अडलंय.

काकांना नमस्कार. माझ्यावर आहे तेवढा जीव असू दे, कमी करू नकोस.

तुझी,
चैत्राली


महाड,
११ नोव्हेंबर १९९८

चि. चैत्रालीस,
अनेक उत्तम आशीर्वाद. इकडील सर्व क्षेम.

तुझं पत्र दुपारी आलं आणि दिवेलागणीला खोली मिळाली. याला म्हणतात आत्या. मुरारीशेटच्या दुकानामागची खोली आहे, अगदी भाजी बाजाराच्या तोंडाशी, म्हणजे कोणाला शोधत हिंडायला नको. मुरारी माझा एकाहत्तर सालचा विद्यार्थी. पाढ्यांत कच्चा होता, पण मन मोठं. भाडं विचारलं तर कानाला हात लावले.

गावात सांगायचं काम मी अंगावर घेतलंय. चाळीस घरं झाली, बिरवाडीला उद्या जाते. बाहेरची व्यवस्थाही मीच बघणार. चौतीस वर्षं साठ-साठ पोरांचे वर्ग हाकले, तिथे तुझ्या पाच-पंचवीस माणसांचं काय मोठंसं! मे महिन्यात निवृत्त झाल्यापासून या हातांना खडू लागलेला नाही, त्यामुळे उत्साह जरा उतू जातोय असं समज. नवी कोरी वही आणून चार रकाने आखलेत. नाव, गाव, कोणाचे कोण, येण्याचे कारण. माझं अक्षर बघून तुझ्या डॉक्टरीणबाई खूश होतील.

हे बरे आहेत. हरीला सांग, मुलगी हुशार निघाली की बापाने कडबोळी खाऊन गप्प बसावं.

येताना स्वेटर आण. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
आत्या


पुणे,
१९ नोव्हेंबर १९९८

ती. सौ. ताईस,
हरीचा सा. न. वि. वि.

माझी मुलगी तू पार बिघडवणार, याबद्दल माझी खात्री पटली आहे. डोक्याच्या आजाराची कामं करणारी मुलगी म्हणून उद्या स्थळं बिचकली तर ती तुझ्याकडेच पाठवीन, तू त्यांना चहा पाज. पण तीस माणसं मिळाली तर शब्द पाळीन. एम.ए. तर एम.ए.

एक विचारायचं होतं. तुझ्या पत्राखाली भाऊजींच्या दोन ओळी असायच्या, भिंग घेऊन वाचाव्या लागतील अशा बारीक. गेल्या चार-पाच पत्रांत त्या दिसल्या नाहीत. माझ्यावर रागावले आहेत का?

धाकट्या भावावरचा लोभ व्याजासकट मिळावा.

तुझा,
हरी


महाड,
३० नोव्हेंबर १९९८

चि. हरीस,
अनेक आशीर्वाद. इकडील सर्व क्षेम.

शनिवार दणक्यात झाला. अकरा माणसं! पाच जण नुसते मला भेटायला आले होते, चहा घेऊन गेले. सहा जण मात्र आत जाऊन बोलले. तुझी लेक डॉक्टरांच्या शेजारी अशी शांत बसली होती की माझा विश्वास बसेना. मी बाहेर टेबल टाकून बसले होते. येईल त्याची वहीत नोंद केली, नंबर आला की दारात उभं राहून नाव पुकारलं. प्रवीण कुशाबा, बिरवाडी! आवाज अजून शाबूत आहे, भाजीवाल्यासुद्धा वळून बघत होत्या. काही जण कारण सांगायला लाजतात. मी म्हणते, शाळेत उशिरा आलात तर कारण सांगत होतात ना, मग इथे कसली लाज?

भाऊजी तुझे बरे आहेत. ओळी लिहायच्या राहून गेल्या, एवढंच.

मुलीला टोचून बोलू नकोस. बाकी तू जसा आहेस तसाच आम्हाला चालतोस.

तुझी,
ताई


शिवथर,
२० डिसेंबर १९९८

डाक्टरीणबाईंच्या बाजूला बसून लिवनाऱ्या पोरीस प्रयागबाईचा आशीर्वाद.

गोळ्यांच्या कागदावर पत्ता व्हता त्यावर धाडते. लेकीची पोर अक्षदा साळंत धावीत हाय, मी सांगते तसंच ती लिवते. तू म्हनाली व्हतीस, आजी पंधरा दिसांनी परत या. मी आले नाय. झोप आता लागते. तू चांगली हायस गो, माजं समदं आयकून घेतलंस, मधी बोलली नायस.

पन भायेर ती वही हाय ना. बाई माजं लिवत व्हत्या तवा अक्षदानं माज्या वरची वळ वाचली. ती आमच्या भावकीतल्याचीच निघाली. त्याचं मला कळलं, तसं माजं माज्या खालच्याला कळलं आसंल. मंग बाईंनी नाव पुकारलं, ते समद्या बाजारानं आयकलं. मी यश्टीतून उतरायच्या आधी सुनेला ठावं झालेलं, की म्हातारी तिचं गाऱ्हानं घेऊन गेलेली. चार दिस घरात कोन बोललं नाय.

बाई वाईट नाय. माज्या पोराला त्यांनीच शिकवलं, चांगलं वळन लावलं. म्हनून तर त्यांना कोन सांगनार? तूच सांग. नायतर तिथं कुत्रं येनार नाय. माजं नाव सांगू नको.

तुजं बरं व्हवो. म्हातारीला इसरू नको.

प्रयागबाई


पुणे,
२८ डिसेंबर १९९८

ती. सौ. आत्यास,
चैत्रालीचा सा. न. वि. वि.

हे पत्र मी चार वेळा लिहून फाडलं. पाचव्यांदा लिहिते आहे, ते मात्र टाकणार.

पहिल्या शनिवारी सहा जण आत आले, दुसऱ्या शनिवारी दोन, आणि परवा एकही नाही. तू म्हणालीस, लग्नसराई आहे, भातझोडणी आहे. तसं नाहीये आत्या. कोणी सांगितलं ते विचारू नकोस, पण लोक वहीला घाबरतात. येणारा प्रत्येक जण आपल्या वरची ओळ वाचतो आणि खालचा आपली वाचणार हे त्याला कळतं. त्यात नाव बाजारात ऐकू जातं. ज्या गोष्टी माणूस स्वतःच्या आईला सांगत नाही त्या सांगायला इथे यायचं असतं, आणि दाराशीच ओळखीच्या बाई बसलेल्या असतात. तुला सगळं गाव ओळखतं, हीच अडचण आहे.

शुभदाताई म्हणाल्या, चूक त्यांची. पहिल्याच दिवशी त्यांनी वही बंद करायला हवी होती, पण तुझा उत्साह बघून त्यांची जीभ रेटली नाही. माझीही नाही. तुझ्याशिवाय ही खोली मिळालीच नसती, आणि तुलाच मी सांगते आहे की पुढच्या शनिवारपासून तू येऊ नकोस. लिहिताना मला रडू येतंय. आठच नोंदी झाल्यात, पण नोंदींसाठी म्हणून हे लिहीत नाही. जे दारातून परत गेले त्यांना दुसरीकडे कुठे जायला जागा नाही.

रागाव, पण माया आटवू नकोस.

तुझी,
चैत्राली


महाड,
१४ जानेवारी १९९९

चि. चैत्रालीस आशीर्वाद.

तिळगूळ घ्या, गोड बोला, म्हणायचा आज दिवस. त्यामुळे कडू ते आधी लिहून टाकते. तुझं पत्र वाचलं आणि मला राग आला. एवढीशी होतीस तेव्हा तुझं नाक मी पुसलंय, आणि तू मला दारात बसू नकोस म्हणून सांगतेस! नऊ तारखेला मुरारीकडे किल्ली ठेवली नि सर्दीचं निमित्त सांगितलं. सर्दीबिर्दी काही नव्हती. त्या दिवशीही कोणी आलं नाही, हे मुरारीकडून कळलं. म्हणजे मी नसले तरी माझी वही बाजारभर झालेली होती.

रविवारी दुपारी ती वही घेऊन बसले. तुझं कसं चुकतंय हे मला सिद्ध करायचं होतं. म्हटलं, आपणच एक ओळ लिहून बघू, काय जड जातं ते कळेल. पहिल्या रकान्यात ह्यांचं नाव लिहिलं. गाव महाड. कोणाचे कोण, तेही लिहिलं. चौथ्या रकान्यात येण्याचं कारण लिहायला गेले आणि पेन पुढे जाईना. दाराला कडी होती, घरात आम्ही दोघंच, आणि हे तर माझ्याकडे बघतही नव्हते. तरी मी ती ओळ हाताने झाकली. मग पानच फाडलं.

चैत्राली, 'इकडील सर्व क्षेम' असं मी दोन वर्षं खोटं लिहिते आहे. तुझे काका मोजणी खात्यात होते. पोलादपूरचे सगळे डोंगर त्या माणसाने साखळी घेऊन पायी पालथे घातले. निवृत्त झाल्यावर पहिले काही महिने बरे गेले, मग हळूहळू बोलणं कमी झालं. आता आंघोळीला जा म्हटलं की जातात, जेवा म्हटलं की जेवतात. मागच्या खोलीत खुर्चीवर बसलेले असतात. विचारलं तर 'काही नाही' एवढंच उत्तर. हरीने विचारलं होतं, ओळी का नाहीत म्हणून. त्यालाही मी थाप मारली. मी शाळेत होते तेव्हा दिवस तरी बाहेर जायचा. तुझ्या खोलीच्या दाराशी एवढ्या हौसेने का बसायचे, ते आता मला कळतंय. हरीला यातलं काही सांगू नकोस. शपथ घालत नाही, पण नको.

तर आता कामाचं. महाडची खोली सोडा आणि पोलादपूरला बसा. बाजार, कचेरी, दाखला, पोलादपूरला जायला माणसाला शंभर निमित्तं सापडतात. तिथे मी कधी शिकवलेलं नाही, मला कोणी ओळखत नाही, आणि मी येणारही नाही. शुभदाताईंच्या आजोळच्या घराची मागची पडवी मोकळी असते म्हणे. नाव विचारू नका. पिठाच्या गिरणीत दळणाच्या डब्यांवर ठेवायचे पत्र्याचे नंबर असतात ना, तसे पंधरा बिल्ले बिरवाडीच्या गिरणीतून मागून आणलेत, मुरारीबरोबर पाठवते. नंबर पुकारा, तोही हळू. पाटीवर मनाचं काही लिहू नका. झोप न लागणे, डोके दुखणे, एवढं पुष्कळ झालं.

सोबत तिळगूळ. तू सांगितलंस ते बरं केलंस. दुसऱ्या कोणाची छाती झाली नसती.

तुझी,
आत्या


पुणे,
१६ फेब्रुवारी १९९९

ती. सौ. आत्यास,
चैत्रालीचा सा. न. वि. वि.

पोलादपूरच्या पडवीत तुझे बिल्ले चालले! तेवीस जानेवारीला चार जण आले, परवाच्या शनिवारी सात. निम्मी माणसं तुमच्या महाडकडची असावीत. असावीत म्हणते, कारण आता आम्ही गाव विचारत नाही. एका बाईंनी बिल्ला पदराखाली घट्ट धरला होता, परत द्यायला तयार होईनात. शुभदाताई म्हणाल्या, राहू दे, पुढच्या वेळी आणतील. एकोणीस नोंदी झाल्या आहेत.

काकांबद्दल तू लिहिलंस ते वाचलं. बाबांना बोलले नाही, तू म्हणालीस म्हणून. पण आत्या, त्यांना घेऊन ये. शनिवारी ज्या माणसांशी आम्ही बोलतो त्यांतली बरीचशी काकांसारखीच आहेत. हा आजार आहे आणि त्याच्यावर उपाय आहे, हे शुभदाताईंनी तुला ठासून सांगायला लावलंय. तुझ्या हातून काही कमी पडलं म्हणून हे झालेलं नाही.

वाट बघते. काकांना माझा नमस्कार, ते बोलले नाहीत तरी सांग.

तुझी,
चैत्राली


महाड,
४ मार्च १९९९

चि. चैत्रालीस,
अनेक आशीर्वाद.

तेरा तारखेला ह्यांना घेऊन येते. तयार झाले. मी म्हटलं, झोपेचे डॉक्टर आहेत, बसून येऊ. त्यावर नाही म्हणाले नाहीत, आणि आमच्या घरी हल्ली त्यालाच हो म्हणतात. गेले आठ दिवस मी रोज सकाळी ठरवते की जायचं, आणि दुपारी वाटतं कशाला. माझी ही तऱ्हा, मग त्या बिचाऱ्या लोकांचं काय होत असेल!

मुरारी सांगत होता की तुझ्या नोंदी पंचविसावर गेल्या. शेवटच्या शनिवारी चार-पाच येतीलच. मी मनात हिशेब करून ठेवलाय की तिसावे हेच असणार. हरीला काय वाटायचं ते वाटो, माझ्या भाचीची तिशी माझ्या घरातून पुरी होणार.

स्टँडवर घ्यायला येऊ नकोस, आम्ही आपले येऊ. जीव लावतेस तसाच लाव.

तुझी,
आत्या


पुणे,
१५ मार्च १९९९

ती. सौ. आत्यास,
चैत्रालीचा सा. न. वि. वि.

शनिवारी तुझ्याशी धड बोलता आलं नाही. तुम्ही आलात तेव्हा शुभदाताईंनी मला बाहेर जायला सांगितलं. घरच्या माणसाच्या वेळी आत बसायचं नाही, हा नियमच आहे आणि तो बरोबर आहे. म्हणून मी पडवीसमोरच्या स्टँडवर जाऊन उभी राहिले. पाऊण तास झाला असेल. आत काय बोलणं झालं ते मला माहीत नाही, शुभदाताई मला सांगणार नाहीत आणि मी विचारणारही नाही. काकांनी जाताना माझ्याकडे बघितलं, एवढंच.

आता जे लिहिते ते मनाला लावून घेऊ नकोस. काकांची नोंद माझ्या वहीत धरता येत नाही. त्या दिवशी बाकीचे चार जण आले, म्हणजे एकूण एकोणतीस. आज मॅडमना भेटले. त्या म्हणाल्या, तीस म्हणजे तीस. प्रमाणपत्र या वर्षी नाही, जूनपासून पुन्हा बसावं लागेल. बाबांनी विचारलं, एवढ्या दोन तालुक्यांत आणखी एक माणूस मिळेना होय? मी गप्प बसले. बँकेचा फॉर्म त्यांनी आणून टेबलावर ठेवलाय.

शुभदाताई जूनमध्येही येणारच आहेत, लोक वाट बघतात म्हणून. मीही येईन. बँकेत लागले तरी शनिवारची रजा काढून येईन.

तू मात्र यातलं काही काकांना सांगू नकोस. आहे ते प्रेम असंच असू दे.

तुझी,
चैत्राली


महाड,
१९ मार्च १९९९

चि. चैत्रालीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी फार रडले. मला वाटलं होतं मी तुला तिसावा देते आहे, आणि तू एका नोंदीपायी वर्ष घालवलंस. वर बापापुढे तोंड मिटून बसलीस. सोबत हरीच्या नावाचं वेगळं पाकीट आहे. त्यात दोन वर्षांचं सगळं लिहिलं आहे, एकोणतीसच का झाले तेही. बँकेचा फॉर्म भरायच्या आधी त्याने ते वाचावं. आता मला लपवायचं काही राहिलेलं नाही, आणि लपवून लपवून मी दमले होते.

शुभदाताईंनी गोळ्या दिल्या आहेत आणि सत्तावीस तारखेला परत बोलावलंय. फरक पडायला तीन-चार आठवडे लागतील, घाई करू नका, असं म्हणाल्या. मी घाई करत नाही. पण एक सांगायचंच आहे.

परतीच्या गाडीत हे खिडकीशी बसले होते. मी काही विचारलं नाही. राजेवाडी फाट्याच्या अलीकडे हे एकदम माझ्याकडे वळले आणि चांगले चढ्या आवाजात म्हणाले की, त्या पोरीला एवढ्या उन्हात स्टँडवर उभं कशाला केलं होतं, आत काय जागा नव्हती, तुम्हा बायकांना काही अक्कल आहे की नाही. सगळी गाडी बघायला लागली. आतून खिडकीतून त्यांना तू पूर्ण वेळ दिसत होतीस. तू कोणासाठी उभी होतीस ते त्यांना माहीत नव्हतं आणि मी सांगितलं नाही.

तेहतीस वर्षांच्या संसारात ह्यांचा ओरडा मी कधी गुमान ऐकून घेतलेला नाही. त्या दिवशी घेतला. महाड येईपर्यंत ते मला बोलत होते आणि मी ऐकत होते. मधे एक शब्दही बोलले नाही.

जूनमध्ये ये. मायेत खंड नसावा.

तुझी,
आत्या